कर्नलच्या आतले प्रिंटएफ: एका अक्षरापासून लॉगपर्यंत

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी अभियांत्रिकीचे चार-पाच विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टीम वाचायला जमतात. त्यांच्यापैकी एकीने पहिल्याच बैठकीत विचारले होते, "काका, सी भाषेत पहिल्या दिवशी प्रिंटएफ हे जे छपाईचे फंक्शन शिकतो, तेच कर्नलमध्ये आपल्याला नव्याने का लिहावे लागते?" कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तिच्या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्ही तीन रविवार घालवले. तो सगळा प्रवास इथे क्रमाने मांडतो आहे, म्हणजे ज्यांना स्वतःच्या छोट्या कर्नलमध्ये असे फंक्शन लिहायचे आहे, किंवा लिनक्समधले त्याच कामाचे प्रिंटके समजून घ्यायचे आहे, त्यांना वाट सापडेल.

साध्या प्रोग्रॅममधले प्रिंटएफ दोन कामे करते. ते फॉरमॅट स्ट्रिंग आणि तिच्यासोबत आलेल्या किमती यांच्यापासून मजकूर घडवते, आणि मग तो मजकूर राइट या सिस्टीम कॉलने, म्हणजे कर्नलला हाक मारून, त्याच्या हाती देते. कर्नलच्या आत दुसऱ्या कामासाठी हाक मारायला कोणी उरलेले नसते, कारण ती हाक ऐकणारा तोच असतो. शिवाय सी लायब्ररी नसते, दशांश चिन्हाच्या संख्यांची सोय नसते, कधी कधी मेमरी वाटप करणारी यंत्रणासुद्धा अजून उभी राहिलेली नसते. आणि नेमके काहीतरी मोडलेले असते तेव्हाच या फंक्शनची सर्वांत जास्त गरज पडते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला लावतो: ही ओळ छापताना आपण कशावर विसंबून आहोत, आणि ते आत्ता चालू नसेल तर काय होईल?

सरावासाठी एमआयटीचे एक्सव्ही६ हे शिकवणीचे कर्नल उत्तम आहे. त्याची रिस्क-फाइव्ह या जातीच्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती यंत्राची नक्कल करणाऱ्या क्यूइमू या प्रोग्रॅमवर चालते आणि त्यातली छपाईची फाइल एका बैठकीत वाचून होते. माझे मत असे, की आधी स्वतःचे फंक्शन लिहावे, मग एक्सव्ही६चे वाचावे आणि शेवटी लिनक्सचे उघडावे. उलट क्रमाने गेल्यास लिनक्समधला प्रत्येक निर्णय मनमानी वाटतो.

एक अक्षर बाहेर काढणे

सुरुवात फॉरमॅटपासून नव्हे, एका अक्षरापासून करावी. क्यूइमूच्या 'व्हर्ट' नावाच्या रिस्क-फाइव्ह यंत्रावर १६५५० जातीचा सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणारे द्वार, षोडशमान १००००००० या पत्त्यावर असतो, तर जुन्या पीसीवर पहिला सिरियल पोर्ट षोडशमान ३एफ८ या आय-ओ पोर्टवर असतो. मूळ पत्त्यापासून पाचव्या स्थानावर लाइन स्टेटस रजिस्टर, म्हणजे पोर्टची स्थिती सांगणारा बाइट, असते. शून्यापासून मोजल्यास त्यातला पाचवा बिट एक झाला, म्हणजे पुढचे अक्षर स्वीकारायला जागा मोकळी झाली. तोपर्यंत तो बिट पुन्हा पुन्हा वाचत थांबावे आणि मग शून्याव्या स्थानी बाइट लिहावा. या पत्त्यांचा पॉइंटर व्होलाटाइल घोषित करायला विसरू नये, नाहीतर कंपायलर एकदाच वाचन करून तीच किंमत कायम धरून बसेल. खऱ्या सिरियल टर्मिनलवर नव्या ओळीच्या अक्षराआधी कॅरेज रिटर्न पाठवावा लागतो. तो न पाठवल्यास प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या टोकाखालून सुरू होऊन मजकूर जिन्यासारखा उतरत जातो.

वाट पाहत बसण्याऐवजी इंटरप्टवर, म्हणजे पोर्टने प्रोसेसरला थांबवून इशारा दिल्यावर, अक्षरे पाठवणे अधिक कार्यक्षम आहे, हे खरे. पण इंटरप्ट बंद असतानाही संदेश निघालाच पाहिजे. म्हणूनच एक्सव्ही६मध्ये सिरियल पोर्टवर लिहिण्याचे दोन मार्ग आहेत: प्रोग्रॅमच्या आउटपुटसाठी इंटरप्टवर चालणारा, आणि कर्नलच्या स्वतःच्या संदेशांसाठी थांबून वाट पाहणारा. पीसीच्या पडद्यावर मजकूर दाखवायचा असेल तर षोडशमान बी८००० पासूनच्या ४००० बाइटांमध्ये ८० स्तंभ आणि २५ ओळींचा तक्ता असतो, प्रत्येक घराला अक्षराचा एक आणि रंगाचा एक असे दोन बाइट. तरीही सिरियल पोर्ट आधी उभा करावा, कारण त्याचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवता येतो.

किती किमती आल्या, हे कोण सांगणार?

ज्या फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट देता येतात, त्याला मुळात किती आली हे कळत नाही. ते फॉरमॅट स्ट्रिंगवर विश्वास ठेवते आणि तिच्यात जितकी टक्काचिन्हे असतील तितक्या किमती उचलते. त्या उचलण्याची साधने, म्हणजे व्हीए-लिस्ट, व्हीए-स्टार्ट, व्हीए-आर्ग आणि व्हीए-एंड, ज्या स्टडार्ग हेडरमध्ये असतात, तो कंपायलरसोबत येतो. सी लायब्ररी नसली तरी तो वापरता येतो.

आत काय घडते ते एकदा असेम्ब्लीत पाहावेच. रिस्क-फाइव्हवर पहिली आठ पूर्णांक आर्ग्युमेंट ए-० ते ए-७ या प्रोसेसरमधल्या रजिस्टरांतून येतात. पहिले रजिस्टर फॉरमॅट स्ट्रिंगने घेतले, की उरलेली सात रजिस्टरे फंक्शन सुरुवातीलाच स्टॅकवर ओळीने उतरवते, म्हणजे त्यापुढची स्टॅकवरूनच आलेली आर्ग्युमेंट त्यांना लागूनच येतात आणि व्हीए-लिस्ट हा पुढे सरकणारा साधा पॉइंटर ठरतो. एक्स८६-६४ वर, म्हणजे पीसीच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर, सहा सर्वसाधारण रजिस्टरे आहेत, आणि त्याशिवाय किती व्हेक्टर रजिस्टरे वापरली याची कमाल संख्या एएल या रजिस्टरात येते. ती शून्य नसेल तर फंक्शनचा आरंभीचा भाग ती व्हेक्टर रजिस्टरेही जतन करू पाहतो. कर्नलच्या सुरुवातीला ती सोय चालूच केलेली नसेल, तर तिथेच अपवाद उद्भवू शकतो. म्हणून कर्नल कंपाइल करताना एसएसई, म्हणजे व्हेक्टर रजिस्टरांच्या सूचना, बंद करण्याचा पर्याय द्यावा.

याच मुळापासून दशांश संख्या छापणारे %एफ नसण्याचे कारण उगवते. कर्नलमध्ये शिरताना युजर प्रोग्रॅमची फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरे सहसा जतन केली जात नाहीत, कारण दर वेळी तसे करणे खर्चिक असते. कर्नलने त्यांना हात लावला तर कोणाच्या तरी चालू हिशेबातले आकडे मुकाट बदलतील. यावरचा उपाय म्हणजे लहान एककात पूर्णांक ठेवणे. लिनक्स तापमान एक हजारांश अंश सेल्सिअसमध्ये सांगते, तेच धोरण ठेवावे. मे महिन्यात वडोदऱ्यातल्या एखाद्या यंत्राने ४२०५० हा आकडा दिला, तर हजाराने भागून ४२ आणि बाकी ५० मिळते. ती बाकी तीन स्थानांत डावीकडे शून्ये भरून छापली तरच ४२.०५० असे बरोबर उमटते, अन्यथा ४२.५० हा चुकीचा आकडा वाचकापुढे जातो. उणे ५०० साठी भागाकार शून्य येतो आणि शून्याला उणे चिन्ह नसते, म्हणून चिन्ह वेगळे काढून आधी छापावे.

कॅर आणि शॉर्ट जातीच्या किमती अशा फंक्शनकडे जाताना आपोआप इंट होतात, तेव्हा एक अक्षर छापणाऱ्या %सी साठीही इंटच उचलावा. याउलट %डी लिहून लाँग दिला तर ६४ बिटी यंत्रावर वरचा अर्धा भाग गळतो: ४२९४९६७३०१ च्या जागी ५ छापला जातो आणि आपण दिवसभर भलतीकडे चूक शोधत राहतो. म्हणून आपल्या फंक्शनच्या घोषणेला जीसीसी या कंपायलरचे फॉरमॅट हे ॲट्रिब्यूट लावावे. त्यात फॉरमॅट स्ट्रिंग पहिल्या क्रमांकावर आणि किमती दुसऱ्यापासून, असे सांगितले की कंपायलर प्रत्येक ठिकाणी जोड्या तपासतो. या एका ओळीने जितका वेळ वाचतो, तितका दुसऱ्या कोणत्याही युक्तीने वाचत नाही.

आणखी एक सापळा इथेच सांगतो. फंक्शनचे नाव प्रिंटएफच ठेवले आणि कंपायलरला फ्रीस्टँडिंग किंवा नो-बिल्टिन, म्हणजे सी लायब्ररी गृहीत धरू नको, असे बजावले नाही, तर शेवटी नवी ओळ असलेला साधा संदेश पाहून जीसीसी त्या जागी पुट्स या फंक्शनची हाक घालतो. आपल्या कर्नलमध्ये पुट्स नसल्यामुळे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर तक्रार करतो, आणि जे नाव आपण कुठेच लिहिले नाही ते शोधताना विद्यार्थी पार गोंधळून जातात.

फॉरमॅट स्ट्रिंग वाचणे आणि संख्या घडवणे

मुख्य लूप सरळ आहे. एकेक बाइट वाचावा. तो टक्का नसेल तर जसाच्या तसा पाठवावा. टक्का असेल तर पुढे क्रमाने शून्य किंवा उणे ही निशाणी, रुंदी, बिंदूनंतरची अचूकता, एलसारखी लांबीखूण आणि शेवटी रूपांतराचे अक्षर वाचावे. दोन टक्के लागोपाठ आल्यास एक टक्का छापावा, अनोळखी अक्षर आल्यास टक्का आणि ते अक्षर दोन्ही तसेच छापावेत, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. स्ट्रिंग एकट्या टक्क्यावर संपत असेल तर तिथेच थांबावे, नाहीतर लूप शेवटच्या शून्य बाइटापलीकडे चालत जातो.

संख्येचे उदाहरण आपल्याच पिनकोडचे घेऊ. ३९०००१ ला दहाने भागले की बाकी १ मिळते आणि ३९००० उरतात. पुढे बाकी ०, ०, ०, ९ आणि ३ अशा येतात. अंक एककापासून, म्हणजे उलट्या क्रमाने हाती येतात, म्हणून ते आधी छोट्या बफरमध्ये साठवावेत आणि मग शेवटाकडून सुरुवातीकडे छापावेत. षोडशमानासाठी दहाच्या जागी सोळा घातला, की १, ७, ३, एफ, ५ या बाक्या मिळतात आणि ५एफ३७१ छापले जाते. पाया बदलला तरी फंक्शन तेच राहते, फक्त सोळा चिन्हांची एक यादी हाताशी लागते. लूप 'आधी कृती, मग तपासणी' या प्रकारचा असावा, अन्यथा शून्य ही संख्या रिकामी छापली जाते.

बफर किती मोठा हवा? ६४ बिटी चिन्हरहित संख्येची कमाल किंमत १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असून ती वीस अंकी आहे, अष्टमानात ती बावीस अंकांची होते. चिन्हासाठी एक जागा धरून २४ बाइट पुरेसे होतात. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्स कर्नलमध्ये हे काम बफरशिवाय, स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनने केलेले होते. ती रचना सुंदर आहे, पण प्रत्येक अंकामागे स्टॅक वापरते, आणि कर्नलचा स्टॅक फार तोकडा असतो: एक्सव्ही६मध्ये प्रत्येक प्रोसेसला एक पान म्हणजे ४०९६ बाइट, लिनक्समध्ये एक्स८६-६४ वर १६ किलोबाइट. म्हणून मी बफरच पसंत करतो.

उणे संख्येत एक बारकावा आहे. संख्येचे चिन्ह उलटवून मग भागायचे, असे सगळेच लिहितात, पण उणे २१४७४८३६४८ ही ३२ बिटी संख्या उलटवली तर तिचे उत्तर त्याच जातीत मावत नाही आणि सी भाषेच्या नियमांप्रमाणे पुढे काहीही होऊ शकते. आधी ती चिन्हरहित जातीत न्यावी आणि मग शून्यातून वजा करावी, तिथे वजाबाकीचा परिणाम ठरलेला असतो.

३२ बिटी यंत्रावर ६४ बिटी भागाकार लिहिला, की कंपायलर तो स्वतःच्या सहायक लायब्ररीतल्या फंक्शनकडे सोपवतो आणि कर्नलला ती लायब्ररी जोडलेली नसल्यामुळे लिंकर अडतो. लिनक्स यासाठी डू-डिव्ह नावाचा वेगळा मॅक्रो ठेवते. दशमान रूपांतरासाठी ते २०० बाइटांच्या तक्त्यातून एका वेळी दोन अंक काढते, कारण कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक आणि सिस या फाइलसिस्टीममधले आकडे सतत वाचले जातात आणि तिथला प्रत्येक भागाकार मोजावा लागतो.

रुंदीचे काम सोपे आहे: अंक मोजा, उरलेली जागा भरा. शून्ये भरताना उणे चिन्ह आधी छापावे, एवढेच ध्यानात ठेवावे.

स्ट्रिंग, देवनागरी आणि पॉइंटर

स्ट्रिंग छापणाऱ्या %एस मध्ये आलेला पॉइंटर शून्य असेल तर कोसळू नये, त्या जागी 'नल' असे छापावे. लिनक्स याहून पुढे जाते: पहिल्या पानातला पत्ता किंवा त्रुटीचा आकडा पॉइंटर म्हणून आला, तर तो न वाचता 'ईफॉल्ट' छापते.

अचूकता आणि रुंदी बाइटांत मोजली जाते, अक्षरांत नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे 'वडोदरा' या शब्दाची सहा चिन्हे अठरा बाइट घेतात. अचूकता आठ दिली, तर व आणि ड पूर्ण येतात आणि ओकाराचे दोनच बाइट उमटून पुढचा मजकूर बिघडतो. लिनक्सच्या केमेसेज या फाइलीतून लॉग वाचल्यास असे बाइट उलट्या तिरक्या रेघेसह षोडशमानात दिसतात. म्हणून कर्नलचे संदेश साध्या आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, ठेवणेच हिताचे आहे. आपली भाषा युजर प्रोग्रॅममध्ये पूर्ण सन्मानाने दाखवता येते, तिची सोय तिथे करावी.

बाहेरून आलेला मजकूर कधीही फॉरमॅट स्ट्रिंगच्या जागी देऊ नये. त्यात कोणी %एस लिहिले, तर फंक्शन न दिलेली किंमत उचलून तिला पत्ता समजते. नेहमी %एस ही फॉरमॅट स्ट्रिंग आणि मजकूर तिची किंमत, अशीच मांडणी असावी. युजर प्रोग्रॅममधल्या ज्या %एन मुळे छपाईचे फंक्शन मेमरीत लिहू शकते, ते कर्नलमध्ये ठेवूच नये.

पॉइंटर छापणाऱ्या %पी चा इतिहास बोलका आहे. पूर्वी लिनक्स त्यातून खरा पत्ता छापत असे, आणि कर्नल यादृच्छिक पत्त्यावर बसवून मिळवलेले संरक्षण लॉगमधल्या एका ओळीने निष्फळ होत असे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीपासून %पी हॅश केलेली किंमत छापते: एकाच पत्त्याला त्या बूटमध्ये एकच किंमत मिळते, त्यामुळे दोन ओळी ताडून पाहता येतात, पण मूळ पत्ता उघड होत नाही. पी नंतर आणखी अक्षरे जोडून फंक्शनचे नाव, आयपी पत्ता, मॅक पत्ता किंवा त्रुटीचे नाव छापता येते. ही अक्षरे पी च्या मागे ठेवण्यात चातुर्य आहे, कारण कंपायलरच्या दृष्टीने तो साधा %पी राहतो आणि वर सांगितलेली तपासणी तशीच चालू राहते.

मजकूर घडवणे आणि पाठवणे वेगळे ठेवा

इथवर लिहिलेले फंक्शन थेट पोर्टवर लिहीत असेल, तर आता त्याचे दोन भाग करावेत: बफरमध्ये मजकूर घडवणारे व्हीएसएनप्रिंटएफ, आणि तो पाठवणारा वेगळा भाग. घडवणारा भाग कशालाही हात न लावता चालतो, म्हणून तो कुठूनही वापरता येतो.

त्याच्या परताव्याची किंमत मात्र फसवी आहे. एसएनप्रिंटएफ किती बाइट लिहिले ते सांगत नाही, जागा असती तर किती लिहिले असते ते सांगते. त्या किमती लांबीत मिळवत पुढचे तुकडे जोडत गेलो, की लांबी बफरपेक्षा मोठी होते, उरलेली जागा उणे येते आणि चिन्हरहित जातीत ती प्रचंड मोठी संख्या बनते. लिनक्समध्ये खरोखर लिहिलेले बाइट सांगणारे एससीएनप्रिंटएफ त्यासाठीच आहे.

लॉक, इंटरप्ट आणि वेळ

दोन प्रोसेसर एकाच वेळी छापू लागले, की अक्षरे एकमेकांत मिसळतात, म्हणून एका वेळी एकालाच छापू देणारे लॉक लागते. पण लॉक हातात असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरनेही छापायचे ठरवले, तर तो कधीच न सुटणाऱ्या लॉकची वाट पाहत राहतो. एक्सव्ही६ स्पिनलॉक, म्हणजे सुटेपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारे लॉक, घेताना इंटरप्ट बंद करते ते याकरिताच. पॅनिकच्या, म्हणजे कर्नल हताश होऊन थांबण्याच्या, वेळी लॉक घेणेच सोडून द्यावे, कारण ते ज्याच्याकडे आहे तो पुन्हा चालेल याची शाश्वती नसते. त्या क्षणी विस्कटलेली ओळ मिळाली तरी ती मौनापेक्षा मोलाची असते.

वेळेचा हिशेब मी फार उशिरा शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी नियंत्रकाचे काम करत असताना, दर १० मिलिसेकंदांनी येणाऱ्या टायमर इंटरप्टमध्ये मी तपासणीसाठी ४० अक्षरांची एक ओळ छापली. पोर्टचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. प्रत्येक अक्षराला आरंभ आणि अंताचे बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ती ओळ सुमारे ४२ मिलिसेकंद घेत होती आणि पुढचा इंटरप्ट ती संपण्याआधीच उभा असे. यंत्र गोठले, आणि छपाई काढताच नीट चालू लागले. दोन दिवस मी दोष टायमरमध्ये शोधला. आज ११५२०० वेगावरही सेकंदाला ११५२० अक्षरेच जातात, ८० अक्षरांच्या ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात आणि प्रोसेसरच्या दृष्टीने तो काळ फार दीर्घ आहे. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समधली टीपही हेच बजावते, की छपाई चालू असताना बाकी व्यवहार जवळजवळ थांबतात, म्हणून ती गप्पांसाठी वापरू नये.

लिनक्सने हा प्रश्न रिंग बफरने सोडवला आहे. प्रिंटके संदेश घडवून आधी मेमरीतल्या गोलाकार बफरमध्ये नोंदवते आणि कन्सोल, म्हणजे पडदा किंवा सिरियल पोर्ट, तो तिथून उचलतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० आवृत्तीपासून हा बफर लॉकशिवाय चालतो, त्यामुळे रोखता न येणाऱ्या इंटरप्टमधूनही नोंद करता येते. तरीही मंद कन्सोलवर लिहिणारे कोणीतरी लागतेच. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत रिअल टाइमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याची, सोय मूळ कर्नलमध्ये येण्यापूर्वी ज्या शेवटच्या अडचणी दूर कराव्या लागल्या, त्यांत प्रिंटके होते.

प्रत्येक संदेशाला ० ते ७ असा स्तर असतो. ० म्हणजे यंत्र निकामी, ३ म्हणजे त्रुटी, ६ म्हणजे माहिती आणि ७ म्हणजे तपासणी. स्तर वेगळ्या आर्ग्युमेंटने जात नाही: १ या किमतीचा बाइट आणि त्यामागे एक अंक, असे ते फॉरमॅट स्ट्रिंगच्या आरंभीच चिकटवलेले असते, म्हणून स्तराच्या नावानंतर स्वल्पविराम देत नाहीत. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या प्रिंटके या फाइलीत चार आकडे दिसतात. त्यातला पहिला कन्सोलची मर्यादा सांगतो आणि त्याहून लहान स्तराचेच संदेश कन्सोलवर येतात. बाकीचे हरवत नाहीत, ते डीमेसेज या आज्ञेने वाचता येतात. बफर भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून दीर्घ तपासणी करताना लॉग-बफ-लेन हा बूटचा पर्याय वाढवावा. सतत येणाऱ्या संदेशांसाठी रेटलिमिटेड प्रकार वापरावा, जो मूळ मांडणीत पाच सेकंदांत दहाच ओळी जाऊ देतो.

तपासणीसाठी घडवणारा भाग साधा प्रोग्रॅम म्हणून आपल्या लॅपटॉपवर कंपाइल करावा आणि त्याचे उत्तर सी लायब्ररीच्या उत्तराशी बाइट-बाइट ताडून पाहावे. शून्य, उणे २१४७४८३६४८, वीस अंकी कमाल संख्या, रिकामी स्ट्रिंग, एक बाइटाचा बफर आणि शेवटी एकटा टक्का असलेली ओळ: आमच्या गटातल्या पाचही जणांची पहिली आवृत्ती यांतल्या किमान एका ठिकाणी अडखळली होती, आणि चौघांची उणे २१४७४८३६४८ वर. सी लायब्ररी शून्य पॉइंटर आणि अपूर्ण टक्का यांबाबत ठरीव उत्तराची हमी देत नाही, म्हणून त्या दोन ठिकाणी अपेक्षित मजकूर आपणच लिहून ठेवावा आणि त्याच्याशी तुलना करावी.